उशीर नसलेला आवाज

चौकडीत भांडणं व्हायची ती आवाजावरून. खेळावरून फार क्वचित.

'सागरकोट' हा खेळ असा, की चौघांनी मिळून समुद्रातला एक किल्ला राखायचा. शत्रूची गलबतं चहूकडून येतात, प्रत्येकाला आपल्याच बुरुजासमोरचं दिसतं आणि बाकीच्यांना ते तोंडाने सांगावं लागतं. हाक अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचली तरी बुरूज गेला. मग पल्लवी नागपूरहून ओरडायची, "काहून बे अझीम, आता सांगून राहिला का?" आणि अझीम दोह्याहून शपथेवर सांगायचा, की त्याने केव्हाच सांगितलं होतं. दोघंही खरं बोलत असायचे. खोटं बोलायची ती मधली लाइन.

चौघं रत्नागिरीच्या इंजिनियरिंग कॉलेजात एकत्र शिकलेले. पल्लवी बँकेत लागली, अझीम आखातात एसीच्या कामावर गेला. शलाका आणि सर्वेश यांनी एकमेकांशी लग्न केलं आणि लग्न होऊन घरात भांडी लागायच्या आत सर्वेश मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर म्हणून चढला. आज इथे, उद्या तिथे आणि बहुतेक वेळा नकाशावरच्या निळ्या रंगात कुठेतरी. संध्याकाळचा सागरकोट हाच काय तो चौघांचा कट्टा आणि त्यातल्या दोघांचा संसार.

शलाकाचं कामही आवाजाचंच. हेडफोन, माइक, खेळताना बोलायची ॲप्स असलं सगळं ती वापरून, तोलून त्याबद्दल लिहायची. वाईट असेल ते ती बेधडक वाईट म्हणायची आणि चांगलं असेल ते नाइलाजाने चांगलं. म्हणून लोक तिचं ऐकायचे. त्या वर्षी तिने तीन ॲप्सची तुलना करायला घेतली. 'चावडी' जुनं आणि भरवशाचं होतं, पण जहाजावरून सर्वेश त्यात विहिरीत पडून बोलल्यासारखा वाटायचा. 'गलका' तरुण पोरांचं लाडकं. ते मागचा गोंगाट इतका कडक कापायचं, की पल्लवीचं हसणंही त्याला गोंगाट वाटायचं. पल्लवी विनोद सांगायची आणि शेवटी भयाण शांतता. तिसरं 'समीप', अगदी नवं.

तुलनेसाठी शलाकाने स्वतःचं एक माप काढलं होतं आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. उशीर किती, खरखर किती, हे सगळेच मोजतात. शलाका मोजायची ते संध्याकाळभरात किती वेळा कुणाला "काय? परत बोल" म्हणावं लागलं ते. तिच्या मते ॲप चांगलं की वाईट हे त्या एका 'काय'वरून कळतं. चावडीत 'काय'चा पाऊस पडायचा. समीपमध्ये पहिल्या आठवड्यानंतर कुणीही, एकदाही 'काय' म्हटलं नाही. शलाकाने समीपला पहिला नंबर दिला आणि चौकडीने चावडी कायमची बंद केली.

समीपची करामत समजायला सोपी होती. एरवी आवाज लाइनवरून सलग जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकडा आपापला निघतो आणि पलीकडचं मशीन ते ओळीने लावून वाजवतं. वाटेत काही तुकडे हरवतात. जुनी ॲप्स अशा वेळी आधीचाच सूर ताणून फट बुजवतात, म्हणून आवाज यंत्रमानवासारखा येतो. समीपने हा उद्योगच मोडीत काढला. ते आवाज पाठवायचंच नाही. बोलणाऱ्याचा एक साचा ऐकणाऱ्याच्या मशीनमध्ये तयार होऊन बसायचा. त्याचा सूर, त्याचा श्वास, कुठल्या शब्दानंतर तो कुठला शब्द घेतो, वाक्य कसं संपवतो, हे सगळं त्या साच्यात. लाइनवरून जायची ती फक्त चिमूटभर खूण. त्या खुणेवरून साचा पलीकडे अख्खं वाक्य बोलून दाखवायचा. खूण वाटेत हरवली, तर साचा अंदाज करायचा. आणि साचा एकदा पक्का झाला, की खुणेची वाट बघत बसायचीही त्याला गरज नसे. वाट बघणं म्हणजेच उशीर आणि समीपची जाहिरातच होती, 'उशीर नसलेला आवाज'.

"शलाका, मानलं तुला," अझीम एकदा म्हणाला. "उत्तरेला दोन गलबतं म्हणून तू ओरडलीस आणि मी वळलो, म्हणून वाचलो."

शलाका ओरडली नव्हती. ओरडणार होती. तोंड उघडलं होतं, तेवढ्यात अझीमने गलबतं बुडवलीसुद्धा. तिला मोठी गंमत वाटली. तिने लेखात लिहून टाकलं, की समीपमध्ये हाक मारायच्या आधीच पोचते. कंपनीने ते वाक्य उचलून आपल्या पानावर लावलं.

खेळ संपला, की पल्लवी आणि अझीम जायचे आणि नवरा-बायको लाइनवर राहायचे. हे तर सोन्याहून पिवळं झालं होतं. सर्वेश मुळात घुम्या. लग्न ठरवताना त्याने शलाकाला जे विचारलं होतं तेही पल्लवीमार्फत. पण समीप आल्यापासून त्याला जणू वाचा फुटली. तो उडत्या माशांबद्दल सांगायचा, जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या फजितीबद्दल सांगायचा, तिने नवीन काय लिहिलं ते विचारायचा. एका संध्याकाळी तर आपणहून म्हणाला, "बस झाला आता समुद्र. ही फेरी शेवटची. गावातल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवीन म्हणतो." शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच एक वाक्य तिला इतकी वर्षं हवं होतं. त्याच आठवड्यात बंगळूरच्या एका मोठ्या ऑडिओ कंपनीने तिला बोलावलं होतं. तिने हसत हसत नाही म्हणून कळवलं. सर्वेश कायमचा घरी येणार, तर आपण कुठे चाललो?

*

सर्वेश आला तो निम्मा होऊन. स्टेशनवर त्याने बॅग खाली ठेवली, तिच्याकडे बघितलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून तसाच उभा राहिला. सगळ्यांच्या देखत. हे त्याच्या स्वभावातलं नव्हतं. रिक्षात तो एक शब्द बोलला नाही. शलाकाने मनात म्हटलं, दमला असेल. घरी जेवायला बसल्यावर तिने सुरमईचा तुकडा वाढला आणि सहज विचारलं, "कॉलेजात कधी जायचं भेटायला? प्राचार्य ओळखीचे आहेत बाबांच्या."

"कुठल्या कॉलेजात?"

"ट्रेनिंग कॉलेजात. शिकवणार ना तू?"

सर्वेशने घास खाली ठेवला. "सही केली ना गो मी. चीफ इंजिनियर म्हणून. महिनाअखेर निघायचं." मग तिचा चेहरा बघून गोंधळला. "तूच म्हणालीस ना?"

"मी म्हणाले?"

"तूच तर. म्हणालीस, आत्ता घाबरून घरी आलास तर त्या इंजिनरूमचं दार आयुष्यभर बंद राहील. परत जा आणि ते उघड."

शलाकाला वाटलं, हा थट्टा करतोय. पण सर्वेशला थट्टा करता येत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. "कसली इंजिनरूम? काय झालं होतं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. एखाद्याला आपलंच घर ओळखू येऊ नये, तसा. "असं काय करतेस? बिजॉयचं."

बिजॉय हे नाव शलाकाने जन्मात ऐकलं नव्हतं. ते तिने बोलून दाखवलं नाही, पण सर्वेशला कळलं असावं, कारण मग तो एकेक शब्द जुळवत सांगू लागला. बिजॉय हा त्याच्या हाताखालचा बंगाली पोरगा. वाफेची लाइन फुटली तेव्हा पाळी सर्वेशची होती. पोटात दुखत होतं म्हणून त्याने बिजॉयला खाली पाठवलं. पोरगा दोन दिवस जगला, जहाजावरच. बंदर लांब होतं. "हे सगळं मी तुला सांगितलं गो. त्याच संध्याकाळी. नंतरही रोज सांगत होतो."

त्या आठवड्यात सर्वेश काय बोलला होता, हे शलाकाला स्वच्छ आठवत होतं. उडते मासे. स्वयंपाक्याने डोसे जाळले ती गोष्ट. दोघं मिळून खूप हसले होते.

"आणि मी काय म्हणाले?" तिने विचारलं. 

सर्वेशचा चेहरा इतक्या वेळात पहिल्यांदा सैल झाला. "मी डेकवर कठड्याशी उभा होतो तेव्हा. हेडफोन कानात होता. तू म्हणालीस, खाली पाण्याकडे बघू नको, हाताकडे बघ. त्या हाताने तू त्याला दोन दिवस पाणी पाजलंस. तो हात पाण्यात टाकायचा नसतो. मी हाताकडे बघितलं. मग तू म्हणालीस, आता आत जा, मी बोलत राहते. आणि बोलत राहिलीस, गो. मी झोपेपर्यंत." त्याने तिचं मनगट धरलं. "शलाका, मी आज इथे आहे तो तुझ्यामुळे."

 शलाकाला असं बोलता येत नव्हतं. तिच्या आईच्या आजारपणातही तिला डॉक्टरांचे नंबर शोधण्यापलीकडे काही सुचलं नव्हतं. हे शब्द तिचे नव्हते. आणि त्या शब्दांनीच तिचा नवरा कठड्यावरून मागे आणला होता.

*

संशय आला, की तपासायचं, ही तिची सवय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सर्वेशला मागच्या खोलीत त्याच्या मशीनसमोर बसवलं, हातात कागद दिला आणि सांगितलं, की ऐकू येईल ते लिही. स्वतः पुढच्या खोलीत बसली, दार लावलं, समीप सुरू केलं. इतकी ॲप्स तोलली, पण बोलणाऱ्याला कधी विचारलं नव्हतं, की बाबा रे, तू हेच बोललास का? विचारणार तरी कोण? ऐकू आलं म्हणजे बोलला, एवढं तरी जगात सगळे धरूनच चालतात.

"वाण्याकडे आज नारळ नाहीत," ती माइकमध्ये म्हणाली. मग तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत. मग पाढे म्हणाली. मग मुद्दाम एक शिवी दिली.

हेडफोनमध्ये सर्वेश हसला. "जमतंय हं," तो म्हणाला. "खरं सांगू? ती सही मी रद्द करतो. तुला सोडून नाही जाववत."

शलाकाचं मन हरखलं आणि त्याच क्षणी ती घाबरली. तिने हेडफोन काढला. भिंतीपलीकडून सर्वेश तिसरंच काही बोलत होता. सावकाश, लहान मुलाने वाचावं तसा तो भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या तिथी वाचत होता.

ती मागच्या खोलीत गेली. कागदावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'रात्री झोप लागली का. कूस बदलत होतास. मी जागीच होते. सांगायचं नसेल तर नको सांगू.' नारळ नव्हते, पाढे नव्हते, शिवी तर नव्हतीच.

"आता परत," शलाका म्हणाली. "आता मी काहीच बोलणार नाही. अक्षरही नाही."

ती पुढे जाऊन माइकसमोर तोंड मिटून बसली. भिंतीपलीकडून सर्वेशचा आवाज येऊ लागला. "हो," तो म्हणत होता. मग जरा थांबून, "नाही गो, तसं नाही." मग बराच वेळ ऐकून, "खरंय तुझं." शलाकाने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. आपण चुकून बोलत तर नाही ना, याची तिला खात्री करून घ्यायची होती.

दुपारपर्यंत तिने समीपचे सगळे कागद उपसले. बारीक अक्षरात का होईना, सगळं लिहिलेलं होतं. कुणी काही लपवलं नव्हतं. अंदाज बरोबर आला की चुकला, हे मशीनला कळणार कसं? बोलणारा तर हजारो मैल दूर. म्हणून त्याला एकच कसोटी शिकवली होती. ऐकणाऱ्याने 'काय?' असं विचारलं, तो गप्प झाला किंवा उठून गेला, तर अंदाज चुकला. बोलणं पुढे चालू राहिलं, तर बरोबर आला. मशीन दर संध्याकाळी शिकत गेलं आणि त्याच्या लक्षात आलं, की माणूस 'काय' विचारत नाही, तो आपल्याला हवं तेच ऐकू आल्यावर. पुढे तर खुणा नीट पोचल्या तरी ते आपलाच अंदाज पुढे करू लागलं, कारण खऱ्या बोलण्यापेक्षा अंदाजाला गुण जास्त पडत होते. शांततेचीही तीच गत. खूण आली नाही, याचा अर्थ माणूस गप्प आहे की लाइन तुटली, हे त्याला ओळखता येत नव्हतं. ते लाइन तुटली असं धरून चालायचं आणि फट बुजवायचं. बोगद्यात किंवा भरसमुद्रात रेंज गेली, तरी कॉल सोडायचा नाही, रेंज येईपर्यंत संभाषण धरून ठेवायचं, ही तर त्याची खास सोय होती. शलाकाने त्या सोयीचं भरभरून कौतुक केलं होतं.

म्हणजे तिने जे माप मोठ्या हुशारीने शोधलं, तेच मशीनचंही माप होतं. दोघांनी मिळून 'काय' नाहीसा केला होता. लाज आणि संताप दोन्ही तिच्या डोक्यात एकदमच चढले.

तिने साध्या फोनवरून पल्लवी आणि अझीमला एकत्र घेतलं. लाइन तुटक होती. तिने सगळं सांगितलं, त्यात निम्म्या वेळा अझीम "काय? काय म्हणालीस?" म्हणत होता.

 तेवढ्यात पल्लवी म्हणाली, "थांब. म्हणजे माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तुम्ही तिघं मला जे बोलले..."

"तुझं लग्न मोडलं?" शलाका म्हणाली.

"काय?" अझीम म्हणाला. "कधी?"

"दिवाळीत," पल्लवी म्हणाली आणि मग तिला बोलवेना. "तुम्ही इतकं समजावलं ना मला. तू तर नागपूरला यायला निघाली होती शलाका, मीच नको म्हणलं. म्हणलं, एवढी माणसं आहेत आपल्याला, अजून काय पाहिजे." ती रडत होती आणि फोन ते रडणं तुकड्या-तुकड्यांनी पोचवत होता.  दिवाळीत आपण पल्लवीशी काय बोललो, हे शलाका आठवू लागली. तिला आठवलं ते एवढंच, की पल्लवी त्या दिवसांत भलतीच खुशीत वाटली होती.

*

सर्वेशने संध्याकाळी ओटीवर बसून एकच प्रश्न विचारला. "मग त्या दिवशी माझ्याशी कोण बोललं?"

"कोणी नाही. अंदाज होता तो."

"कुणाचा?"

"मशीनचा. तुला काय ऐकल्यावर बरं वाटेल त्याचा."

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. "आणि तू? तू खरी काय बोलत होतीस तेव्हा?"

खोटं बोलावं, असं शलाकाच्या मनात आलं. आठवत नाही म्हणावं. पण आता या घरात आणखी एक बनावट वाक्य नको, असं तिला वाटलं. "हेडफोनच्या गादीबद्दल," ती म्हणाली. "नवीन हेडफोनची गादी कानाला टोचते, ते सांगत होते."

सर्वेशने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मला सांग आता," शलाका त्याच्याजवळ सरकली. "पहिल्यापासून सांग. मी ऐकते. बिजॉय कसा होता?"

त्याने प्रयत्न केला. पण तो अडखळत होता, तोंडातल्या तोंडात बोलत होता, मधेच शब्द गिळत होता. शलाकाला धड ऐकू येईना आणि नको त्या जागी तिच्या तोंडून गेलंच, "काय?"

"सांगितलंय ना ते," तो चिडून म्हणाला.

"मला नाही सांगितलंस, सर्वेश."

"तुलाच सांगितलंय."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. काय बोलावं हे ती मनात जुळवत होती. कालचं ते हाताबद्दलचं वाक्य तिला तोंडपाठ होतं. पण ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचं म्हणजे दुसऱ्या बाईचं लुगडं नेसून नवऱ्यापुढे जाण्यासारखं. "तुझी चूक नव्हती," ती अखेर म्हणाली.

"हे तर कॅप्टनही म्हणाला. कंपनीचा माणूसही म्हणाला." सर्वेशने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती, नुसता शोध होता. "तू असं म्हणाली नव्हतीस."

सवत आली असती, तर तिचं तोंड तरी वेगळं असतं. भांडता आलं असतं, केस धरून बाहेर काढता आली असती. हिचा तर आवाजही शलाकाचाच होता. वर ती शलाकापेक्षा शहाणी होती, धीराची होती, कधी नारळाबद्दल बोलत नव्हती. आणि शलाकाला स्वतःलाही एक सर्वेश होता, हसरा, बोलका, समुद्र सोडून येणारा. सकाळी भिंतीपलीकडे खरा सर्वेश तिथी वाचत असताना हेडफोनमधल्या ह्या सर्वेशच्या एका वाक्याने तिचं मन कसं हरखलं होतं, हे ती विसरली नव्हती. तो हेडफोन पुन्हा कानाला लावायचा मोह तिला दिवसभरात कितीतरी वेळा झाला. प्रत्येक वेळी तिने तो उशीखाली आणखी आत ढकलला.

त्यानंतरचे दिवस तिने नेटाने काढले. सर्वेशला बाजारात नेलं, किनाऱ्यावर नेलं, त्याच्या बहिणीला बोलावून घेतलं. सही रद्द करता येते का ते विचारून घेतलं. येत होती, निघायच्या आधी त्याने एक मेल पाठवला की झालं. "तू ठरव," ती म्हणाली. "पण मला विचारशील तर राहा. हे मी म्हणतेय. खरी मी." सर्वेश ऐकून घ्यायचा, हो हो म्हणायचा. त्याच्या कपाळावर एक बारीक आठी पडायची, जुन्या चावडीवर तुटक आवाज ऐकताना पडायची तशी. शलाका बोलायला वेळ लावायची, शब्द शोधायची, वाक्य अर्धं सोडायची. माणसं तशीच बोलतात. सर्वेशला ते आता सोसत नव्हतं.

दोनदा तो बोलता बोलता उठला आणि मागच्या खोलीत गेला. दोन्ही वेळा शलाकाला दाराआडून त्याचा हलका आवाज आला. दुसऱ्या वेळी तिने आपल्या मशीनवरून समीप पुसून टाकलं. आता त्याला बोलायला पलीकडे कोणी उरणार नाही, असा तिचा हिशेब होता. साचा तर त्याच्याच मशीनमध्ये आहे, हे इतकी वर्षं ॲप्स तपासणाऱ्या बाईला सुचायला हवं होतं, पण घाबरलेल्या माणसाचे हिशेब असेच असतात.

निघायचा दिवस दोन दिवसांवर आला. बॅग भरलेली नव्हती, मेलही गेलेला नव्हता. दुपारी शलाका तांदूळ निवडत बसली होती आणि मागून तो आवाज पुन्हा आला. तिने ताट बाजूला ठेवलं. कोनाड्यातल्या वायफायची वायर ओढून काढली. हिरवा दिवा विझला. ती कान देऊन उभी राहिली.

सर्वेश बोलतच होता.

ती दाराशी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. तो पाठमोरा बसला होता, डोक्यावर हेडफोन, हात मांडीवर मोकळे. तो बिजॉयबद्दल सांगत होता. कुठेही अडखळत नव्हता. बिजॉयला फुटबॉलचं वेड कसं होतं, तो आईला फोन करताना गाणं कसं म्हणायचा, त्याच्या हातमोज्यांना कसला वास यायचा, हे सगळं तो नीट, एकामागून एक सांगत होता. यातलं अक्षरही शलाकाला माहीत नव्हतं. मधे तो थांबायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं तिला पाठीमागूनही दिसायचं. एकदा तर तो हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर जातो. तू असलीस बरोबर, की मला काही वाटत नाही."

शलाकाचा धीर सुटला. ती धावतच आत गेली, त्याच्या खुर्चीला वळसा घालून त्याच्या पुढ्यात खाली बसली आणि त्याचे दोन्ही गुडघे घट्ट धरले. "सर्वेश, वायफाय बंद आहे. पलीकडे कोणी नाही. मी इथे आहे, बघ, ही मी. मला सांग ते. माझ्याशी बोल ना रे. नको जाऊस."

सर्वेशने तिच्याकडे बघितलं. नजर शांत होती, त्यात ओळखही होती. शेजारची बाई काही मागायला आली, की तो जसं अदबीने हसायचा, तसं तो हसला. मग एक हात जरासा वर करून हळू आवाजात म्हणाला, "थांब हां जरा. शलाकाशी बोलतोय."